वाचक विचारतात: वेस्टर्न चित्रपटांचे संगीत चौघांत कसे ऐकावे?

या वेळी आलेल्या पत्रांत वेस्टर्न चित्रपटांच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांवर घडणाऱ्या घोडेस्वार-बंदूकधाऱ्यांच्या कथांच्या, संगीताविषयी इतके प्रश्न होते की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. बेळगाव शहराबरोबरच खानापूर, निपाणी, संकेश्वर आणि नंदगड येथूनही पत्रे आली आहेत. कोणी वाद्यांविषयी विचारले आहे, कोणी ध्वनिमुद्रणांविषयी, कोणी कायद्याविषयी. पण बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच तळमळ दिसते, ती म्हणजे स्वतःला मनापासून आवडलेले संगीत दुसऱ्याच्या कानापर्यंत पोहोचवायचे कसे. माझे मत आधीच सांगून ठेवतो. एका वेळी एकच रचना द्यावी, तिच्यात काय ऐकायचे ते दोन वाक्यांत सांगावे आणि जमेल तेव्हा ती शेजारी बसून ऐकावी.

प्रश्न: आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज सकाळी वेस्टर्न चित्रपटांच्या संगीताच्या लिंक पाठवतो. पूर्वी निदान कोणीतरी अंगठा तरी दाखवायचे, आता तेही बंद झाले आहे. माझी आवड एवढी कंटाळवाणी आहे का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: आपली आवड उत्तम आहे, ती देण्याची गती मात्र ऐकणाऱ्याला झेपत नाही. चित्रपटाचे संगीत विशिष्ट प्रसंगासाठी लिहिलेले असते. आपण तो चित्रपट अनेकदा पाहिला असल्यामुळे पहिला स्वर कानी पडताच आपल्या डोळ्यांसमोर तो प्रसंग उभा राहतो, पण आपल्या मित्राच्या डोळ्यांसमोर काहीच नसते. त्याला नुसती सुरावट मिळते आणि तीही कामावर निघण्याच्या घाईत, फोनच्या बारीक स्पीकरवर. अशा वेळी त्याने ती अर्ध्यावर सोडली तर त्याला दोष देता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांच्या १९६५ सालच्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ या चित्रपटात एक खिशातले घड्याळ आहे. त्याचे झाकण उघडले की आत बसवलेली नाजूक सुरावट वाजू लागते आणि चावी उतरत जाईल तशी ती संथ होत जाते. चित्रपटातील खलनायक समोरच्या माणसाला सांगतो की संगीत थांबले की बंदूक उपसायची. इटालियन संगीतकार एनिओ मोरिकोने यांनी येथे जे केले आहे, ते कितीही वेळा ऐकले तरी माझे मन भरत नाही. घड्याळातली सुरावट आधी गोष्टीतल्या पात्रांनाच ऐकू येते. मग तिच्याखालून गिटार आणि तंतुवाद्ये वर येतात, तुतारीच्या जातीचे ट्रम्पेट घुसते आणि घड्याळ केव्हा संपले व वाद्यवृंद केव्हा सुरू झाला याचा सांधा सापडत नाही. एका प्रसंगात तर चर्चचा ऑर्गन जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या प्रसिद्ध ‘टोकाटा अँड फ्यूग’ची आठवण करून देत गर्जतो, कारण तो प्रसंगच एका पडक्या चर्चमध्ये घडतो. शेवटच्या द्वंद्वात ही सुरावट थांबता थांबता पुन्हा कशी सुरू होते, ते मी येथे सांगत नाही. आपल्या मित्रांनाही सांगू नका.

आता आपण असे करा. आठवडाभर काही पाठवू नका. मग ही एकच रचना पाठवा आणि सोबत लिहा: ‘सुरुवातीला खिशातल्या घड्याळाची सुरावट आहे. ती संथ होत जाईल. ती थांबली की गोळी सुटणार आहे, एवढे मनात धरून शेवटपर्यंत ऐक.’ एवढ्याने ऐकणाऱ्याला उभे राहण्यापुरती जागा मिळते. त्यानंतर कोणाला आवडले का, असे विचारण्याऐवजी घड्याळ नेमके कोठे बुडाले असे वाटले, हे विचारा. आवडले का या प्रश्नाला ‘हो, छान’ एवढेच उत्तर येते. दुसऱ्या प्रश्नासाठी मित्राला पुन्हा ऐकावे लागते आणि त्यातून बोलणे सुरू होते.

त्याबरोबर मित्रांकडूनही काही मागून घ्या. त्यांच्यापैकी एखादा कन्नड चित्रपटगीतांत रमलेला असेल, एखादा अभंगांत. त्याने दिलेली रचना आपण तितक्याच मनापासून ऐकली, तर आपली रचना ऐकताना त्याचे मनही मोकळे राहील. शिवाय एखाद्या रविवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमा आणि बऱ्यापैकी स्पीकरवर ऐका. मोरिकोने यांच्या अनेक रचना अगदी हळू सुरू होतात आणि फोनवर त्यांची पहिली काही सेकंदे जवळजवळ ऐकूच येत नाहीत.

प्रश्न: ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या चित्रपटाच्या सुरुवातीला येणारी ती प्रसिद्ध आरोळी नेमकी कशावर वाजवली आहे? आमच्या कट्ट्यावर एक जण बासरी म्हणतो, दुसरा माणसाचा आवाज म्हणतो आणि तिसरा म्हणतो की हे कुठलेतरी विलायती वाद्य असावे.
— एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर: आपल्या कट्ट्यावरील तिघांचेही कान शाबूत आहेत, कारण तिघांचेही म्हणणे बरोबर आहे. १९६६ सालच्या या चित्रपटासाठी मोरिकोने यांनी कायोटीच्या, म्हणजे अमेरिकेच्या माळरानावर आढळणाऱ्या कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातील प्राण्याच्या, हुकीवरून दोन स्वरांमध्ये भरभर हेलकावणारी एक छोटी आरोळी रचली आणि ती तीन मुख्य पात्रांना तीन वेगवेगळ्या आवाजांत वाटून दिली. क्लिंट ईस्टवुड यांच्या पात्राला बासरी मिळाली, ली व्हॅन क्लीफ यांच्या पात्राला ओकारिना आणि ईलाय वॉलक यांच्या पात्राला माणसांचे आवाज. ओकारिना हे भाजक्या मातीचे, अंड्यासारख्या आकाराचे, बोटांसाठी भोके असलेले फुंकवाद्य आहे. खानापूरची माती आणि तिच्यावर चालणारे कुंभारकाम आपल्या भागात सर्वांच्या माहितीचे आहे, त्यामुळे मातीतून निघणारा तो पोकळ, किंचित गार स्वर कसा असेल याची कल्पना आपल्या वाचकांना सहज करता येईल.

सुरावट एकच, पण आवाज बदलला की माणूस बदलतो, ही या रचनेतली मोठी गोष्ट आहे. पडद्यावर एखादे पात्र येण्याआधीच त्याचा आवाज येऊन जातो आणि प्रेक्षक सावध होतो. आपल्या कट्ट्यावर चित्रपट पुन्हा लावाल तेव्हा तिघांनी एकेक पात्र वाटून घ्या आणि आपल्या पात्राचा आवाज कोठे कोठे येतो याकडे लक्ष ठेवा. दुसऱ्याच्या पात्राच्या प्रसंगात आपल्या पात्राचा आवाज डोकावला, तर तेथे संगीतकार काय सुचवतो आहे यावर बोलता येईल, आणि हा वाद पहिल्या वादापेक्षा अधिक गोड असेल.

अशा आवाजांची सवय मोरिकोने यांना आधीपासूनच होती. १९६४ सालच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये शीळ, चाबकाचा फटकारा, घंटा आणि इलेक्ट्रिक गिटार ही सारी वाद्येच होऊन बसली होती. ती शीळ आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी यांची. ते गिटारही वाजवत आणि त्यांचा स्वतःचा गायकवृंदही होता. पुढे जगभरात ज्याने त्याने या संगीताची नक्कल करताना पहिल्यांदा शीळच घातली, त्यामुळे त्यांचे नाव प्रत्येक रसिकाने लक्षात ठेवायला हवे असे मला तीव्रतेने वाटते. तुम्ही ही रचना कोणाला द्याल तेव्हा संगीतकाराच्या नावासोबत वाजवणाऱ्याचेही नाव सांगा.

प्रश्न: मी अनेक वर्षे हिंदुस्थानी संगीत शिकते आणि भजनी मंडळात गाते. माझा भाचा मला हे इंग्रजी चित्रपटांचे संगीत ऐक म्हणून आग्रह करतो. ऐकायला बसते, पण नुसता गलबला वाटतो. कोठून धरावे?
— एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर: ताई, आपल्या कानाला एका स्थिर षड्जावर उलगडत जाणाऱ्या एकाच सुरावटीची सवय आहे. वाद्यवृंदात एकाच वेळी अनेक सुरावटी वेगवेगळ्या उंचीवर चालतात, म्हणून सुरुवातीला गलबला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्यावर एक सोपा उपाय आहे. जी रचना एकाच ठेक्यावर आणि एकाच सुरावटीवर उभी आहे, तिच्यापासून सुरुवात करावी.

अशी रचना म्हणजे ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मधील ‘द एक्स्टसी ऑफ गोल्ड’. एका प्रचंड दफनभूमीत पुरलेले सोने शोधत एक माणूस थडग्यांमधून वेड्यासारखा धावतो, एवढाच प्रसंग आहे. ती दफनभूमी खरी नव्हती. स्पेनमधील बुर्गोस प्रांतात स्पॅनिश सैनिकांच्या मदतीने ती चित्रीकरणासाठी उभारली होती. रचनेच्या सुरुवातीला पियानोवर एक छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा फिरू लागतो. तो आपण लेहऱ्यासारखा धरा, म्हणजे पाय जमिनीवर राहतील. त्याच्यावर पहिल्यांदा सुरावट गाते ती इंग्लिश हॉर्नवर, जे आपल्या सनईसारखेच दुहेरी पातीचे वाद्य आहे. त्यानंतर येतो एद्दा देल्लोर्सो यांचा आवाज. शब्द एकही नाही, केवळ आकार. येथे आपल्याला परकेपणा वाटणार नाही. तार सप्तकाकडे झेपावताना त्या स्वर किती मोकळा सोडतात आणि शेवटाला तो कसा सावरून घेतात, हे गाणाऱ्या व्यक्तीलाच खरे कळेल. भाच्यापेक्षा आपल्याला ते अधिक दिसेल अशी माझी खात्री आहे. पुढे गायकवृंद, घंटा, ढोल, पितळी वाद्ये एकामागून एक येऊन मिळतात, पण सुरावट तीच राहते. धावणाऱ्याचा वेग वाढतो, थडगी नुसत्या रेषा होऊन जातात, आणि तरीही खाली पियानोचा तो तुकडा फिरतच असतो.

आणखी एक धागा आपल्याला जवळचा वाटेल. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या पंडित कुमार गंधर्वांनी माळव्यातील लोकधुना वर्षानुवर्षे ऐकल्या आणि त्यांतून धूनउगम राग घडवले. अमेरिकी माळरानाच्या संगीतातही लोकगीतांचा असाच आधार आहे. ॲरन कोपलंड यांनी १९३८ सालच्या ‘बिली द किड’ या नृत्यनाट्यासाठी गुराख्यांची गाणी वापरली आणि मोकळ्या, विस्तीर्ण जागेचा भास देणारा जो स्वरमेळ त्यांनी रूढ केला, तो पुढच्या चित्रपट-संगीतकारांनी उचलला. रागाची बैठक आणि या संगीताची बैठक एक नाही, हे उघड आहे. पण लोकधुनेतून मोठे काही उभे करताना रचनाकाराला काय काय टाकावे लागते आणि काय राखावे लागते, हे आपण दोन्हीकडे ऐकू शकाल. भाच्याला म्हणावे, एक रचना तुझी आणि एक माझी, या बोलीवर बैठक होऊ दे.

प्रश्न: बाबांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांना ‘शोले’ तोंडपाठ आहे, पण इंग्रजी चित्रपट लावला की उठून जातात. त्यांना हे संगीत ऐकवावे असे फार वाटते.
— एक वाचक, हिंदवाडी, बेळगाव

उत्तर: मग ‘शोले’पासूनच सुरुवात करा. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट आपल्याच राज्यात, बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांत चित्रित झाला, हे बाबांना ठाऊक असेलच. त्यातली गाणी सर्वांना माहीत आहेत. आपण त्यांना राहुलदेव बर्मन यांच्या पार्श्वसंगीताकडे न्या. जय संध्याकाळी पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर राधा एकेक दिवा मालवत जाते, तो प्रसंग लावा. ते वाद्य भानू गुप्ता यांनी वाजवले होते. न बोलता आलेली माया त्या सुरांत आहे आणि बाबा त्यावर बोलू लागतील.

त्यानंतर त्यांना सांगा की हेच वाद्य एका दुसऱ्या चित्रपटात अगदी उलट भावनेसाठी आले आहे. लिओने यांच्या १९६८ सालच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये चार्ल्स ब्रॉन्सन यांचे पात्र बोलायच्या ऐवजी माउथ ऑर्गन वाजवते. फ्रांको दे जेमिनी यांनी वाजवलेले ते सूर विव्हळतात, कानाला टोचतात, आणि ते असे का आहेत हे चित्रपटाच्या अखेरीस कळते. संपूर्ण चित्रपट एकदम लावू नका, कारण तो लांब आणि संथ आहे. त्याच्या सुरुवातीची दहाएक मिनिटे तर संगीतच नाही. रेल्वे स्थानकावर तीन माणसे कोणाची तरी वाट पाहत आहेत आणि करकरणारी पवनचक्की, ठिबकणारे पाणी, घोंघावणारी माशी एवढेच आवाज आहेत. मग गाडी येऊन निघून जाते आणि पलीकडून माउथ ऑर्गन ऐकू येतो. एवढाच भाग दाखवा. ज्यांनी ‘शोले’तली आगगाडीच्या रिकाम्या फलाटाची शांतता अनुभवली आहे, त्यांना ही शांतता परकी वाटणार नाही. या चित्रपटाचे मुख्य संगीत चित्रीकरणाआधीच तयार होते आणि लिओने ते सेटवर वाजवून कलाकारांकडून अभिनय करून घेत, हेही बाबांना सांगा.

बाबांना ‘मॅकेनाज गोल्ड’विषयीही अवश्य विचारा. १९६९ सालचा हा चित्रपट भारतात अफाट चालला होता आणि त्यांच्या पिढीतील अनेकांनी तो चित्रपटगृहात पाहिलेला आहे. संगीत क्विन्सी जोन्स यांचे आणि गिधाडावरचे ते गाणे होसे फेलिसियानो यांनी गायिलेले. कदाचित बाबांच्या इंग्रजी चित्रपटांच्या आठवणी आपल्या समजुतीपेक्षा अधिक असतील. त्यांना सांगू द्या आणि आपण ऐका.

प्रश्न: आमच्या गटात मराठी आणि कन्नड बोलणारे निम्मे-निम्मे आहेत. ऐकून झाल्यावरची चर्चा कोणत्या भाषेत करावी यावरून कधी कधी अवघडलेपण येते.
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर: ज्याला ज्या भाषेत सुचते त्या भाषेत त्याने बोलावे आणि शेजाऱ्याने ते दुसऱ्याला सांगावे, बाजारात, एस. टी. स्थानकावर आणि लग्नमंडपात आपण सीमाभागातले लोक हे रोजच करतो. लिओने यांच्या चित्रपटांच्या सेटवरही असेच चालत असे. इटालियन, स्पॅनिश, जर्मन, अमेरिकी कलाकार आपापल्या भाषेत संवाद म्हणत आणि आवाज नंतर ध्वनिमुद्रणगृहात भरले जात. एकमेकांचे बोलणे न कळता त्यांनी एकच प्रसंग उभा केला. चर्चेचा प्रमुख दरवेळी बदलावा, एवढे मात्र सुचवतो, म्हणजे कोणा एका भाषेकडे कल राहणार नाही.

प्रश्न: आमच्यात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, वेस्टर्न संगीत खरे अमेरिकी. इटालियन लोकांनी केवळ चमत्कृती केली. दुसरा तट मोरिकोनेपलीकडे काही ऐकायलाच तयार नाही. आपला कौल?
— एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर: माझे प्रेम मोरिकोने यांच्यावर अधिक आहे, हे मी लपवत नाही. तरीही दुसऱ्या तटाने आपला हट्ट सोडावा, असेच मी म्हणेन, कारण अमेरिकी संगीत ऐकल्याशिवाय मोरिकोने यांनी काय मोडले हे कळत नाही.

एल्मर बर्न्स्टाइन यांचे १९६० सालच्या ‘द मॅग्निफिसन्ट सेव्हन’चे संगीत घ्या. हा चित्रपट अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराय’वरून बेतलेला. सुरावट लांबरुंद, उमद्या चालीची. पण तिच्याखाली जो तुटक, आघात देणारा ठेका आहे, तोच खरा घोडा आहे. सुरावट काढून नुसता ठेका ऐकला तरी माळरान दिसते. बेळगावकरांना मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे बँडचा कान आहेच. पितळी वाद्ये आणि ढोल यांची अशी गुंफण कशी बसवली आहे, हे कॅम्प भागात लहानाचा मोठा झालेला माणूस लगेच ओळखेल. जेरोम मोरॉस यांचे १९५८ सालच्या ‘द बिग कंट्री’चे संगीतही याच मोकळ्या हवेतले आहे.

त्याआधीचा मोठा टप्पा म्हणजे १९५२ सालचा ‘हाय नून’. संगीतकार दिमित्री टिओमकिन यांचा जन्म आजच्या युक्रेनमधला, म्हणजे ‘खरे अमेरिकी’ हा शब्द पहिल्या तटानेही जपून वापरावा. त्यांनी चित्रपट सुरू केला तो वाद्यवृंदाच्या गर्जनेने नव्हे, टेक्स रिटर यांच्या आवाजातील एका साध्या गाण्याने. आणि तेच गाणे तुकड्यातुकड्यांनी सबंध चित्रपटभर फिरवले. दुपारी १२ वाजता येणाऱ्या आगगाडीची वाट पाहताना घड्याळाचा लंबक, रिकामा रस्ता आणि गावातल्या लोकांचे चेहरे एकामागून एक येतात, तेथे संगीताचा एकेक आघात लंबकाबरोबर पडतो. गाण्यासाठी आणि पार्श्वसंगीतासाठी अशी दोन ऑस्कर पारितोषिके टिओमकिन यांना मिळाली.

या दोन तटांमध्ये एक पूलही आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’च्या शेवटच्या द्वंद्वासाठी लिओने यांना टिओमकिन यांनी १९५९ सालच्या ‘रिओ ब्राव्हो’त वापरलेली ट्रम्पेटची धून हवी होती. मोरिकोने यांनी नकार दिला. त्यांनी स्वतःची एक जुनी अंगाई काढली, तिला त्या धुनेच्या वळणाचा साज चढवला आणि मिकेले लाचेरेन्झा यांच्याकडून ट्रम्पेटवर वाजवून घेतली. आपल्या गटाने पुढच्या बैठकीत आधी ‘रिओ ब्राव्हो’ची धून आणि लगेच ही रचना ऐकावी. एकाच शालेय वर्गात शिकलेल्या त्या दोघा इटालियन मित्रांमधला हा वाद मिटला नसता, तर पुढचे सारे चित्रपट वेगळे ऐकू आले असते.

प्रश्न: माझ्याकडे जुन्या एल. पी. आणि कॅसेटी आहेत. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या खोलीत लोकांना ऐकवल्या तर कायद्याची अडचण येईल का? प्रती काढून वाटल्या तर? आणि एल. पी. वरचे संगीत चित्रपटातल्यापेक्षा वेगळे का वाटते?
— एक वाचक, कॅम्प, बेळगाव

उत्तर: १९५७ सालच्या भारतीय प्रतिहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात नफ्यासाठी नसलेल्या मंडळाच्या उपक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवण्यास सवलत आहे. तेव्हा मंडळ म्हणून जमावे आणि पैसे घेऊ नयेत. तिकीट लावले की परवान्याचा प्रश्न येतो. प्रती काढून वाटण्यास मात्र ही सवलत लागू नाही. संगीतरचनेवरील हक्क आपल्या कायद्यात रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. मोरिकोने ६ जुलै २०२० रोजी गेले, त्यामुळे ‘हे फार जुने आहे, आता सर्वांचे झाले’ असे म्हणता येणार नाही. ज्यांना स्वतःकडे हवे असेल त्यांना अधिकृत आवृत्ती कोणती ते सांगावे.

एल. पी. वेगळी वाटण्याची कारणे दोन-तीन आहेत. तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-पंचवीस मिनिटेच नीट बसतात, त्यामुळे जवळजवळ तीन तासांच्या चित्रपटातले बरेच संगीत बाहेर राहते. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चे वगळलेले अनेक तुकडे २००४ सालच्या विस्तारित आवृत्तीत आले. काही वेळा तबकडीसाठी तेच संगीत पुन्हा वाजवून मुद्रित केले जात असे. आणि काही तबकड्या मुळात दुसऱ्याच वाद्यवृंदाच्या असतात. १९६८ साली ह्यूगो मॉन्टेनेग्रो यांच्या वाद्यवृंदाने वाजवलेली याच चित्रपटाची धून अमेरिकेच्या लोकप्रिय यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली होती आणि पुष्कळांनी मोरिकोने म्हणून तीच ऐकली आहे. आपल्या एल. पी. च्या वेष्टनावर वाद्यवृंद-संचालकाचे नाव काय आहे ते पाहा आणि ऐकवण्यापूर्वी श्रोत्यांना वाचून दाखवा. दोन्ही आवृत्त्या असतील तर पाठोपाठ लावा; एवढ्या एका गोष्टीवर सबंध संध्याकाळ रंगू शकते.

प्रश्न: मी नववीत आहे. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधली धून मला माउथ ऑर्गनवर वाजवायची आहे. माझ्याकडे दहा भोकांचा साधा माउथ ऑर्गन आहे. काही सूर सापडतच नाहीत.
— एक विद्यार्थी, नंदगड

उत्तर: बाळा, तुझा कान बरोबर आहे, ते सूर तुझ्या वाद्यात सरळ मिळत नाहीत. दहा भोकांच्या वाद्यात एकाच पट्टीचे सूर बसवलेले असतात आणि मधले सूर काढायचे तर श्वास आणि जीभ यांच्या साहाय्याने स्वर वाकवावा लागतो, ज्याला बराच सराव हवा. बाजूला दाबायची कळ असलेला क्रोमॅटिक माउथ ऑर्गन असतो, त्यात सप्तकातले बाराही सूर मिळतात. तो महाग असतो, म्हणून लगेच घेण्याचा हट्ट धरू नकोस. आहे त्या वाद्यावर आधी ‘शोले’तली जयची धून बसव, एकेक सूर शेजारचे भोक न वाजता स्वच्छ काढायला शीक, आणि स्वर वाकवण्याचा सराव रोज थोडा वेळ कर. शाळेत हार्मोनियम असेल तर इटालियन धुनेतले जवळजवळचे सूर आधी त्यावर शोधून काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वहीत लिहून ठेव. क्रोमॅटिक वाद्य हाती येईल तेव्हा त्या उपयोगी पडतील.